वजनदार पावलांची पहिली शर्यत

जानेवारीचा तिसरा रविवार उजाडला, की मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा परिसर धावणाऱ्यांच्या गर्दीने फुलून जातो. पुण्याच्या आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनला १९८३ मध्ये सुरुवात झाली, तर मुंबई मॅरेथॉनला २००४ मध्ये. त्यानंतर लहानमोठ्या शहरांतूनही अशा शर्यतींचे पेव फुटले. दूरचित्रवाणीवर ही गर्दी पाहताना पुष्कळांच्या मनात येते, की पुढल्या वर्षी आपणही त्यात असावे. मात्र वजन जास्त असलेल्या माणसाच्या मनात पाठोपाठ दुसरा विचार येतो, तो म्हणजे ‘आधी वजन उतरू दे, मग धावायचे बघू.’ हे ‘मग’ बहुतेकांच्या बाबतीत कधीच येत नाही. याउलट काहीजण एक जानेवारीच्या संकल्पाने पेटून उठतात, पहिल्याच दिवशी तीन किलोमीटर पळतात आणि महिना संपायच्या आत नडगी किंवा गुडघा धरून घरी बसतात. ‘धावणे आपल्यासाठी नाही’ असा कायमचा निष्कर्ष काढून ते मोकळे होतात.

या दोन्ही टोकांच्या मध्ये एक सुरक्षित मार्ग आहे. जास्त वजनाच्या नवशिक्यालाही आज आहे त्या शरीरानिशी शर्यतीची तयारी सुरू करता येते. अट एवढीच, की त्याने घाई टाळायला हवी. ही अट का आहे आणि ती कशी पाळावी, याची माहिती येथे देत आहोत.

शर्यत कोणती निवडावी?

आपल्याकडे धावण्याच्या कोणत्याही शर्यतीला सरसकट ‘मॅरेथॉन’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. वास्तविक मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची शर्यत. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये हे अंतर धावले गेले आणि १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स संघटनेने ते प्रमाण म्हणून स्वीकारले. अर्धमॅरेथॉन त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे २१.१ किलोमीटरची असते. त्याखाली दहा आणि पाच किलोमीटरच्या शर्यती येतात. मुंबई मॅरेथॉनमधील ‘ड्रीम रन’ सुमारे सहा किलोमीटरची असते.

पहिल्या खेपेस पाच ते सहा किलोमीटरचीच शर्यत निवडावी. ड्रीम रन नवशिक्यांना सोयीची आहे. तिच्यात विजेता ठरत नाही आणि वेळेची नोंद होत नाही. सुरुवातीला गर्दीच इतकी असते, की इच्छा असूनही जोरात पळता येत नाही. कोणी नऊवारी नेसून, कोणी सोंगे घेऊन, कोणी सामाजिक संदेशाचे फलक हाती धरून चाललेले असतात. त्यात आपल्या वेगाकडे पाहायला कोणाला सवड नसते. दहा किलोमीटर आणि त्यावरील शर्यतींना बहुधा कमाल वेळेची मर्यादा असते. ती वाचल्याखेरीज नाव नोंदवू नये. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसारख्या घाटातल्या शर्यतींची कीर्ती मोठी आहे, पण त्या पहिल्या वर्षासाठी नव्हेत. लोकप्रिय शर्यतींची नोंदणी काही महिने आधी होते आणि जागा लवकर भरतात, हेही ध्यानात ठेवावे.

आधी तपासणी

भारतीय वैद्यकतज्ज्ञांनी २००९ मध्ये एकमताने ठरवलेल्या निकषांनुसार बॉडी मास इंडेक्स २३ च्या वर गेल्यास वजन जास्त आणि २५ च्या वर गेल्यास स्थूलता मानली जाते. पाश्चात्त्य देशांत या मर्यादा २५ आणि ३० अशा आहेत. आपल्या मर्यादा खाली ठेवण्याचे कारण असे, की दक्षिण आशियाई माणसांत तुलनेने कमी वजनातही पोटावर चरबी साठते आणि मधुमेह व हृदयविकार लवकर गाठतात. म्हणून काट्यावरील आकड्याइतकेच कमरेच्या घेराकडेही पाहावे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर ही धोक्याची खूण समजली जाते.

डॉक्टरांकडे कोणी जावे? ‘अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ या संस्थेने २०१५ मध्ये आपल्या सूचना सुधारल्या, तेव्हा तीन प्रश्नांना महत्त्व दिले. सध्या नियमित व्यायाम होतो का? हृदय, मूत्रपिंड वा मधुमेहासारखा चयापचयाचा विकार किंवा त्याची लक्षणे आहेत का? आणि किती जोराचा व्यायाम करायचा आहे? ज्यांचा व्यायाम पूर्णपणे बंद आहे आणि ज्यांना यांपैकी एखादा विकार आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय सुरुवात करू नये. आपल्याकडील हृदयविकाराचे स्वरूप पाहता रक्तदाब असलेल्यांनी, धूम्रपान करणाऱ्यांनी, घराण्यात कमी वयात हृदयविकार झालेल्यांनी आणि चाळिशी ओलांडलेल्यांनीही आधी तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरेल.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामाच्या वेळा आणि औषधाचे प्रमाण यांविषयी डॉक्टरांशी बोलावे आणि खिशात साखर वा ग्लुकोजची पुडी ठेवावी. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषधे चालू असतील, तर नाडीचा वेग मुळातच दबलेला राहतो. अशा वेळी मनगटावरच्या घड्याळातील ठोक्यांवर विसंबून श्रमाचा अंदाज बांधता येत नाही.

दम लवकर येतो, हाडे मागे राहतात

धावताना प्रत्येक पाऊल टेकते तेव्हा जमिनीकडून शरीरावर वजनाच्या साधारण दोन ते तीन पट जोर येतो. चालताना मात्र एक पाय नेहमी जमिनीवर असल्यामुळे हा जोर वजनापेक्षा थोडासाच अधिक असतो. ९५ किलो वजनाच्या माणसाच्या पायावर धावताना दर पावलाला दोनशे किलोहून अधिक भार पडतो आणि किलोमीटरला अशी हजाराहून अधिक पावले पडतात. हा हिशेब घाबरवण्यासाठी मांडलेला नाही. हाडे, कूर्चा आणि कंडरा यांना भाराची गरजच असते. भार मिळाला, की त्या बळकट होतात. मात्र त्यासाठी त्यांना वेळ लागतो.

नेमकी अडचण येथे आहे. व्यायाम सुरू केल्यावर शरीराचे सर्व भाग एकाच गतीने सुधारत नाहीत. रक्ताचे प्रमाण आणि हृदयाची क्षमता काही आठवड्यांतच वाढू लागते. स्नायूंनाही दोन-तीन महिन्यांत बळ येते. परंतु स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा याहून सावकाश बदलते. हाडांचे तर आणखी वेगळे आहे. नवा भार आला, की हाडातील जुना भाग आधी काढून टाकला जातो आणि मग त्या जागी नवे हाड भरते. काढण्याचे काम तीनेक आठवड्यांत होते, भरण्यास मात्र तीन महिन्यांच्या आसपास लागतात. मधल्या काळात ते हाड तात्पुरते नाजूक असते. महिनाभराने ‘आता दम लागत नाही’ म्हणून माणूस अंतर एकदम वाढवतो, तेव्हा त्याची फुप्फुसे तयार असतात. नडगी आणि टाच तयार नसतात. पुष्कळ नवशिके दुसऱ्या महिन्यात जायबंदी होतात त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

डेन्मार्कमधील संशोधकांनी नव्याने धावू लागलेल्यांचा अभ्यास करून २०१४ मध्ये असे नोंदवले, की स्थूल व्यक्तींनी पहिल्या आठवड्यात तीन किलोमीटरपेक्षा जास्त धावल्यास दुखापतीची शक्यता वाढते. यात ‘आठवड्यात’ हा शब्द महत्त्वाचा आहे. उत्साहाच्या भरात अनेकजण एवढे अंतर पहिल्याच सकाळी पळतात. दर आठवड्याला अंतर दहा टक्क्यांनी वाढवावे, असा एक नियमही सर्रास सांगितला जातो. तथापि नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दहा टक्क्यांच्या नियमाने चालणाऱ्या आणि नेहमीच्या पद्धतीने सराव करणाऱ्या, अशा दोन्ही गटांत पाचांपैकी एका नवशिक्याला दुखापत झाली. तात्पर्य, कोणतेही सूत्र शरीराच्या तक्रारीपेक्षा मोठे मानू नये.

गुडघे झिजतात का?

‘या वजनाने पळालास तर गुडघे जातील’ हा सल्ला घरोघरी मिळतो. २०१७ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात गुडघा व खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण हौसेने धावणाऱ्यांत सुमारे साडेतीन टक्के, बैठे जीवन जगणाऱ्यांत सुमारे दहा टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत सुमारे तेरा टक्के आढळले. यावरून धावल्यानेच गुडघे वाचतात असे सिद्ध होत नाही, कारण हौसेने धावणारे बहुधा सडपातळ असतात. परंतु माफक धावण्याने निरोगी गुडघे झिजतात, या समजाला त्यातून आधार मिळत नाही. ज्यांच्या गुडघ्याला आधीच सूज, वेदना किंवा अडकल्यासारखे वाटण्याचा त्रास आहे, त्यांनी मात्र अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि तोवर चालणे, पोहणे किंवा सायकल यांवर भर द्यावा.

चाल आणि धाव यांची सांगड

जास्त वजनाच्या नवशिक्यासाठी सर्वांत योग्य पद्धत म्हणजे थोडे धावणे आणि थोडे चालणे यांची आलटूनपालटून केलेली गुंफण. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले अमेरिकी धावपटू जेफ गॅलोवे यांनी सत्तरच्या दशकात नवशिक्यांना शिकवताना ही पद्धत लोकप्रिय केली. १९९६ मध्ये जॉश क्लार्क या अमेरिकी तरुणाने याच तत्त्वावर ‘काउच टू फाइव्ह के’ हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आखला. पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेनेही तो उचलून धरला. परंतु ज्यांचे वजन बरेच जास्त आहे, त्यांना नऊ आठवडे अपुरे पडतात. सोळा आठवडे हा मुक्काम अधिक वास्तव आहे.

या पद्धतीची मेख अशी, की थकल्यावर चालायचे नसते, थकण्याआधी चालायचे असते. घड्याळाने सांगितले की धाव थांबवायची, मग कितीही बरे वाटत असो. त्यामुळे पायांवरील भार सलग न पडता विभागला जातो आणि अखेरच्या टप्प्यात धावण्याची ढब बिघडत नाही.

वेग किती असावा? धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल, तर वेग जास्त आहे. जास्त वजनाच्या नवशिक्यासाठी ताशी सात ते आठ किलोमीटर हा वेग पुरेसा असतो. शेजारून एखादे चपळ आजोबा झपझप चालत पुढे निघून गेले, तरी त्यांचा पाठलाग करू नये. पावले लहान, पटपट आणि शरीराच्या खालीच पडतील अशी ठेवावीत. पाय पुढे फेकून टाच आपटल्यास गुडघ्यावर येणारा धक्का वाढतो.

सोळा आठवड्यांचे वेळापत्रक

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपासून सोळा आठवडे मागे मोजल्यास सप्टेंबरची अखेर येते. पाऊस ओसरत असतो आणि नवरात्र जवळ आलेले किंवा सुरू झालेले असते. आरंभासाठी हा मुहूर्त चांगला आहे. मात्र ऑक्टोबरच्या उकाड्यात सूर्योदयापूर्वीच बाहेर पडावे. सराव किलोमीटरमध्ये न मोजता मिनिटांत मोजावा. त्यामुळे अंतर ‘मारण्याची’ ईर्षा राहत नाही.

पहिला ते चौथा आठवडा : फक्त चालणे. आठवड्यातून चार दिवस. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटे, चौथ्यात चाळीस मिनिटे. शेवटची दहा मिनिटे वेगाने चालावे.

पाचवा ते आठवा आठवडा : आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. पाच मिनिटे चालून अंग गरम करावे. मग अर्धा मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, अशी आठ आवर्तने. शेवटी पाच मिनिटे सावकाश चालावे. आठव्या आठवड्यापर्यंत एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, अशा दहा आवर्तनांपर्यंत पोहोचावे.

नववा ते बारावा आठवडा : दोन मिनिटे धावणे आणि दोन मिनिटे चालणे, अशी आठ आवर्तने. बाराव्या आठवड्यात तीन मिनिटे धावणे आणि दोन मिनिटे चालणे, अशी सहा आवर्तने. तीनपैकी रविवारचा सराव थोडा लांबवून पन्नास मिनिटांपर्यंत न्यावा, पण वाढवलेला वेळ चालण्याचा असावा.

तेरावा ते पंधरावा आठवडा : चार मिनिटे धावणे आणि दोन मिनिटे चालणे, अशी सहा आवर्तने. रविवारी एकूण तासाभराची फेरी. येथवर आलात, तर याच पद्धतीने सहा किलोमीटर अंतर साधारण पन्नास मिनिटांत पार पडते.

सोळावा आठवडा : दोनच दिवस, निम्मा वेळ. शर्यतीच्या आदल्या दिवशी विश्रांती. या आठवड्यात केलेल्या कष्टाचा शर्यतीत उपयोग होत नाही, फक्त थकवा उरतो.

एखादा आठवडा जड गेल्यास तोच पुन्हा करावा. दिवाळीत, लग्नसराईत किंवा आजारपणात खंड पडल्यास बुडालेला सराव भरून काढण्यासाठी दोन दिवसांचे काम एका दिवसात करू नये. दोन आठवड्यांहून अधिक खंड पडला, तर एक टप्पा मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी. सोळाव्या आठवड्यात बाराव्या आठवड्याची तयारी झालेली असली, तरी ड्रीम रनसारखी शर्यत आनंदाने पूर्ण करता येते.

सरावासाठी सपाट, गुळगुळीत पण निसरडी नसलेली जागा शोधावी. मुंबईत शिवाजी पार्कचा परिसर किंवा मरीन ड्राइव्हचा पदपथ सोयीचा आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात झाडांची सावली मिळते, मात्र तेथील चढ सुरुवातीला चालतच चढावेत. चौपाटीच्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि टाचेमागील कंडरेवर ताण येतो. ओली वाळू घट्ट असली, तरी ती समुद्राकडे उतरती असते. हिवाळ्यात मुंबई-पुण्याची हवा सकाळी अनेकदा धुरकट असते. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक दोनशेच्या वर, म्हणजे ‘खराब’ श्रेणीत असेल, त्या दिवशी बाहेर न जाता घरीच ताकदीचे व्यायाम करावेत.

ताकदीचे व्यायाम

आठवड्यातून दोन दिवस वीस-वीस मिनिटे स्नायूंच्या बळकटीसाठी राखून ठेवावीत. त्यासाठी जिमची गरज नाही. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा उचलणे व सावकाश खाली आणणे, सेतुबंधासन, भिंतीला हात टेकवून दंड काढणे आणि दात घासताना एका पायावर उभे राहणे एवढे पुरते. प्रत्येकी दहा ते बारा वेळा, दोन फेऱ्या. मांड्या, नितंब आणि पोटऱ्या बळकट असल्या, की गुडघ्यावरचा ताण वाटून घेतला जातो. वजन उतरवण्यासाठी आठवड्याला घ्यावयाची इंजेक्शने अलीकडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली अनेकजण घेतात. त्यांत चरबीबरोबर स्नायूही घटतात. अशांनी हा भाग मुळीच टाळू नये.

बूट आणि कपडे

खर्च करायचा तर तो बुटांवर करावा. जुने कॅनव्हासचे बूट वा क्रिकेटचे बूट धावण्यास चालत नाहीत. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना बूट घालून पाहावेत. पुढे अंगठ्याएवढी जागा राहावी आणि टाच सुटू नये. ‘तुमचे वजन जास्त, म्हणून सर्वांत जाड तळाचे बूट घ्या’ असे दुकानात हमखास सांगितले जाते. लक्झेंबर्गमध्ये आठशेहून अधिक धावणाऱ्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मऊ तळाच्या बुटांनी एकंदर दुखापती कमी झाल्या खऱ्या. पण हा लाभ हलक्या वजनाच्या धावपटूंना मिळाला, जड वजनाच्यांत तो दिसला नाही. म्हणून तळाच्या जाडीपेक्षा पायाला होणारा आराम ही कसोटी ठेवावी. शर्यतीच्या दिवशी नवे कोरे बूट घालू नयेत.

वजनदार माणसाला धावताना सर्वाधिक छळणारी, पण संकोचाने न बोलली जाणारी गोष्ट म्हणजे मांड्या आणि काखा घासून होणाऱ्या जखमा. सुती कपडे घामाने भिजून त्रास वाढवतात. घाम लवकर वाळणाऱ्या कापडाचा सैलसर टी-शर्ट, मांड्यांना घट्ट बसणारी सायकलिंगची चड्डी आणि घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली हा सोपा उपाय आहे. स्त्रियांनी योग्य मापाची, भक्कम आधाराची स्पोर्ट्स ब्रा बुटांइतकीच आवश्यक समजावी.

आहार, पाणी आणि काटा

सपाटीवर धावताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे सुमारे एक कॅलरी खर्च होते. ९० किलोच्या व्यक्तीला सहा किलोमीटरमागे साधारण ५४० कॅलरी लागतात. घरी परतताना वाटेत मिसळपाव आणि गोड चहा झाला, की यातला मोठा भाग भरून निघतो. म्हणूनच केवळ धावण्याने वजन झरझर उतरेल ही अपेक्षा ठेवू नये. काटा हलत नाही म्हणून सराव सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. रक्तदाब, रक्तातील साखर, झोप आणि जिने चढण्याची ताकद यांत सुधारणा होते, ती वजन फारसे न उतरताही होऊ शकते. प्रगती मोजायची, तर ती यांवर मोजावी.

याच काळात उपासमार करू नये. सराव आणि कडक पथ्य यांचा एकदम मारा झाल्यास हाडे व स्नायू भरून येण्यास लागणारे पोषणच मिळत नाही. सरावापूर्वी अर्धा-पाऊण तास एखादे केळे वा दोन खजूर आणि नंतर उसळ, अंडी, दही, पोहे यांसारखा प्रथिने व पिष्टयुक्त नाश्ता योग्य. दिवाळीचा फराळ वर्ज्य करण्याची गरज नाही, डबा टेबलावरून कपाटात ठेवला तरी पुष्कळ साधते. पाणी तहानेप्रमाणे प्यावे. तासाभराच्या सरावाला साधे पाणी पुरते. भीतीपोटी लिटरच्या लिटर पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

कोणते दुखणे गंभीर?

दोन्ही मांड्या वा पोटऱ्या दुसऱ्या दिवशी ठणकणे आणि दोन-तीन दिवसांत ते ओसरणे स्वाभाविक आहे. एकाच जागी, एकाच पायात दुखणे आणि दर सरावागणिक ते वाढणे ही धोक्याची सूचना समजावी. नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यास ठरावीक ठिकाणी तीव्र वेदना होत असतील, तर हाडाला सूक्ष्म तडा गेला असण्याची शक्यता असते. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेखाली कळ येणे हे तळव्याच्या जाड पडद्याला सूज आल्याचे लक्षण असू शकते. वेदनेमुळे लंगडावे लागत असेल, तर धावणे त्या क्षणी थांबवावे. वेदनाशामक गोळी घेऊन सराव करणे म्हणजे आगीची सूचना देणारी घंटा बंद करून झोपण्यासारखे आहे.

छातीवर दडपण, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, श्रमाच्या मानाने फार धाप, छातीत धडधड, गरगरणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झाले तर थांबून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन पुढे पळण्याची चूक करू नये. तापात किंवा ताप उतरल्यावर लगेचही धावू नये.

रस्त्यावरच्या नजरा

शरीराच्या तयारीइतकीच मनाची तयारी लागते. रस्त्यावरून जाणाऱ्यांचे शेरे आणि ओळखीच्यांच्या कोपरखळ्या यांमुळे अनेकजण घराबाहेरच पडत नाहीत. स्त्रियांना तर याचा दुप्पट जाच होतो. एखादा सोबती शोधावा किंवा नवशिक्यांना सामावून घेणाऱ्या गटात जावे. ज्या गटात वेगावरून माणसाची किंमत ठरते, तो गट आपला नाही असे समजावे. अमेरिकेत काही शर्यतींत ठरावीक वजनावरील पुरुषांसाठी ‘क्लाइड्सडेल’ आणि स्त्रियांसाठी ‘अथीना’ असे स्वतंत्र गट ठेवलेले असतात. जड शरीर घेऊन धावण्यात वेगळे कष्ट आहेत, याची ती जाहीर कबुली आहे. आपल्याकडे असे गट रूढ नसले, तरी ते कष्ट तेवढेच खरे आहेत.

शर्यतीचा दिवस

छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाला ‘बिब’ म्हणतात. त्याच्या मागील बाजूस रक्तगट, आजार, चालू औषधे आणि नातेवाइकाचा फोन नंबर लिहिण्याची जागा असते. ती भरल्याशिवाय धावू नये. आदल्या रात्री नेहमीचे साधे जेवण आणि सकाळी सरावाला जे खात होतो तेच खावे. ड्रीम रन आजवर मुंबईत इतर मोठ्या शर्यतींनंतर, सकाळी थोडी उन्हे चढल्यावर सुटत आली आहे. तेव्हा टोपी न्यावी. रांगेत बराच वेळ उभे राहावे लागते, म्हणून स्वच्छतागृहात आधीच जाऊन यावे.

सुरुवातीस मागील बाजूस उभे राहावे. बँडचा आवाज आणि गर्दीचा जल्लोष यांमुळे पहिल्या किलोमीटरला पाय आपोआप वेगाने पडतात. तेथेच संयम हवा. सरावातील चाल-धावेचे प्रमाण पहिल्या मिनिटापासून पाळावे. चालण्याची वेळ आली, की हात वर करून रस्त्याच्या कडेला यावे, म्हणजे मागचा धावणारा आदळत नाही. अंतिम रेषा ओलांडल्यावर एकदम बसू नये, दहा मिनिटे सावकाश चालत राहावे.

त्यानंतर आठवडाभर फक्त चालावे. पुढची शर्यत दहा किलोमीटरची करावी का, हा प्रश्न त्याच दिवशी सोडवण्याची घाई नको. आणखी दोन-तीन महिने आठवड्यातून तीन दिवसांचा नेम टिकला, कोठेही दुखले नाही, तर तो विचार जरूर करावा. पहिल्या शर्यतीचे पदक भिंतीवर राहील. नेम टिकला तरच त्याचा लाभ हृदयाला आणि हाडांना होईल. शर्यतीनंतरच्या सोमवारी नव्हे, पण त्यापुढच्या सोमवारी बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या गेल्या, म्हणजे तयारी खऱ्या अर्थाने सफल झाली असे म्हणता येईल.